लॉरेन्स हिल: तीन हजार नावांच्या नोंदवहीतून कादंबरी काढणारा लेखक

तुम्ही विचारलंय की 'द बुक ऑफ निग्रोज' ही गुलामगिरीवरची कादंबरी लिहिणारा कॅनडाचा लॉरेन्स हिल नक्की कोण, पन्नाशीला टेकेपर्यंत हा माणूस काय करत होता, कादंबरीतलं खरं किती आणि रचलेलं किती, आणि ज्याला स्वतः ऐतिहासिक कादंबरी लिहायचीय त्याने त्याच्याकडून काय घ्यावं. मी बरीच वर्षं ऐतिहासिक कादंबऱ्यांचं संपादन करतेय, म्हणजे लेखकाचं हस्तलिखित आणि त्याने वापरलेली साधनं शेजारी शेजारी ठेवून वाचायची हाच रोजचा धंदा, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देणार, चरित्रकोशासारखं नाही. लांबणार आहे, आधीच सांगते.

सुरुवात त्याच्या घरापासून करू, कारण या माणसाची अर्धी साधनं घरातच होती. वडील डॅनियल हिल अमेरिकेतले कृष्णवर्णीय, आई डॉना गोरी, तीही अमेरिकेचीच. लग्न १९५३ चं. त्या काळी अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत असं लग्न कायद्यानेच बंद होतं, मग दोघांनी सरळ कॅनडा गाठलं आणि टोरांटोत संसार मांडला. वडिलांनी समाजशास्त्रात डॉक्टरेट केली, १९६२ मध्ये ओंटारियो प्रांताच्या मानवी हक्क आयोगाचे पहिले संचालक झाले, पुढे प्रांताचे ऑम्बुड्समन, म्हणजे आपल्याकडचा लोकायुक्त म्हणा. आईही मानवी हक्कांच्या चळवळीतली. १९७८ मध्ये या दोघांनी मित्रांना घेऊन ओंटारियो ब्लॅक हिस्टरी सोसायटी काढली, आणि वडिलांनी १९८१ मध्ये कॅनडातल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय वस्त्यांवर 'द फ्रीडम सीकर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. मोठा भाऊ डॅन हिल गायक, 'समटाइम्स व्हेन वी टच' हे १९७७ चं गाणं त्याचंच, जुन्या इंग्रजी गाण्यांच्या शौकिनांना लगेच आठवेल. बहीण कॅरनसुद्धा लिहायची, तिची कादंबरी तिच्या मृत्यूनंतर आली. एकूण घरात कागद, पुस्तकं, वादविवाद आणि गाणी यांना तोटा नव्हता.

लॉरेन्सचा जन्म १९५७ चा, न्यूमार्केटचा, पण वाढला टोरांटोच्या डॉन मिल्स भागात, जिथे आजूबाजूला जवळजवळ सगळे गोरे. घरात वडील काळ्यांच्या इतिहासावर बोलतायत आणि शाळेत आपल्यासारखं दिसणारं कोणी नाही, अशी ती परिस्थिती. आपण कोण, हा प्रश्न त्याने पुढे २००१ च्या 'ब्लॅक बेरी, स्वीट ज्यूस' या पुस्तकात उघडपणे मांडला, पण माझ्या मते त्याची प्रत्येक कादंबरी त्याच प्रश्नाच्या मागे लागलेली आहे.

मग शिक्षण. टोरांटोचा हा इंग्रजी बोलणारा मुलगा क्वेबेक सिटीला लाव्हाल विद्यापीठात गेला, अर्थशास्त्र शिकायला, आणि तेही फ्रेंचमधून. वरवर बघितलं तर कादंबरीकाराच्या दृष्टीने हा आडमार्गच. पण फ्रेंच आल्यामुळेच पुढची गोष्ट घडली. १९७९ मध्ये क्रॉसरोड्स इंटरनॅशनल या संस्थेतर्फे तो स्वयंसेवक म्हणून नायजरला गेला, नंतर कॅमेरून आणि मालीलाही. नायजरला जाताना याच्या डोक्यात असं की आफ्रिकेतले लोक आपल्याला बघता क्षणी आपलं म्हणतील. झालं भलतंच. तिथे तो पोटाच्या दुखण्याने गंभीर आजारी पडला, दवाखान्यात पडून राहायची वेळ आली, आणि त्या दिवसांत त्याला सांभाळलं ते बरोबर आलेल्या क्वेबेकच्या गोऱ्या पोरांनी, ज्यांच्यापासून तो मनातल्या मनात थोडा अंतर राखून होता. आपलं काळेपण कोणाला सिद्ध करून दाखवायची गरज नाही हे त्या आजारपणात उमगलं असं त्याने स्वतः लिहिलंय. आता हे वाचून 'द बुक ऑफ निग्रोज'चा शेवटाकडचा भाग आठवा. नायिका अमिनाटा आयुष्यभर ज्या गावाची आस धरून बसलीय त्या आफ्रिकेत परत पोचते आणि तिथल्या लोकांना ती परकीच वाटते. तो भाग मला तरी लायब्ररीत बसून सुचलेला वाटत नाही.

परत आल्यावर पत्रकारिता. टोरांटोचा 'ग्लोब अँड मेल' आणि 'विनिपेग फ्री प्रेस', यात विनिपेगच्या पेपरासाठी ओटावाहून संसदेचं वार्तांकनसुद्धा. पेपरात काम केलेला लेखक आणि न केलेला लेखक यांच्या हस्तलिखितातला फरक मला पहिल्या दहा पानांत कळतो. पेपरवाल्याला एक सवय असते, की हे तुला कोणी सांगितलं आणि त्याला ते कसं माहीत होतं, हे विचारल्याशिवाय वाक्य पुढे जात नाही. हिलच्या लिखाणात ती सवय मुरलेली आहे. नंतर नोकरी सोडून तो काही काळ स्पेनमध्ये राहिला, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लेखनाची एमए केली. पहिली कादंबरी 'सम ग्रेट थिंग' १९९२ मध्ये विनिपेगच्याच टर्नस्टोन या छोट्या प्रकाशनाने काढली, म्हणजे वयाच्या पस्तिशीला. नायक कोण, तर विनिपेगच्या पेपरातला एक तरुण कृष्णवर्णीय बातमीदार, आणि त्याचं नाव महात्मा ग्राफ्टन! गांधींवरून ठेवलेलं. पार्श्वभूमीला मॅनिटोबातला फ्रेंच भाषेच्या हक्कांवरून पेटलेला वाद. ही ऐतिहासिक कादंबरी नाही, पण विनोदाचा हात बघायचा असेल तर जरूर वाचा.

त्यानंतर जे झालं ते नवीन लेखकांना मी मुद्दाम सांगते. पहिल्या कादंबरीनंतर या माणसाने लगेच दुसरी काढली नाही, १९९३ मध्ये आफ्रिकन कॅनेडियन लोकांचा इतिहास सांगणारं मुलांसाठीचं पुस्तक लिहिलं आणि १९९६ मध्ये कॅनेडियन निग्रो विमेन्स असोसिएशन या महिला संस्थेचा इतिहास. दोन्ही पुस्तकं फार कोणाला माहीत नाहीत. पण अशा पुस्तकासाठी म्हाताऱ्या बायकांच्या घरी जाऊन बसायला लागतं, जुने फोटो बघायला लागतात, कोण कोणाची कोण हे समजून घ्यायला लागतं, आणि ते सगळं पुढच्या कादंबरीत झिरपतं. आपल्याकडे लेखक अशी कामं 'किरकोळ' म्हणून टाळतात आणि मग थेट मोठ्या कादंबरीला हात घालतात, मग पात्रं पुतळ्यासारखी उभी राहतात.

१९९७ ची 'एनी नोन ब्लड' ही त्याची पहिली खरीखुरी ऐतिहासिक कादंबरी. लँगस्टन केन पाचवा, म्हणजे एकाच नावाचे पाच पिढ्यांतले पुरुष, ओंटारियोतलं ओकव्हिल ते अमेरिकेतलं बाल्टिमोर अशी ये-जा, आणि त्यात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या जॉन ब्राउनचा १८५९ चा हार्पर्स फेरीतल्या शस्त्रागारावरचा हल्लासुद्धा येतो. यातला ओकव्हिलचा धागा खऱ्या घटनेवरून घेतलाय. १९३० च्या फेब्रुवारीत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या टोळीचे पांढरे झगे घातलेले लोक मोटारी भरून ओकव्हिलला आले, एका गोऱ्या मुलीने काळ्या समजल्या जाणाऱ्या माणसाशी लग्न करू नये म्हणून तिला त्याच्यापासून उचलून घेऊन गेले, आणि गावात क्रॉस जाळला. हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामात नाही, टोरांटोपासून अर्ध्या-पाऊण तासावर. आई-वडिलांच्या लग्नाची गोष्ट आठवा, म्हणजे हिलला हा प्रसंग का लागला असेल ते सांगावं लागणार नाही. माझं वैयक्तिक मत, रचनेच्या दृष्टीने हीच त्याची सगळ्यात मोकळी आणि खेळकर कादंबरी आहे, नंतरचीला प्रसिद्धी जास्त मिळाली इतकंच.

आता मुख्य पुस्तक. जेम्स वॉकर नावाच्या कॅनेडियन इतिहासकाराचं ब्लॅक लॉयलिस्ट, म्हणजे अमेरिकन क्रांतियुद्धात इंग्रजांच्या बाजूला गेलेल्या कृष्णवर्णीय लोकांवरचं पुस्तक १९७६ मध्ये आलं होतं, ते आई-वडिलांच्या कपाटात होतं आणि हिलने ते तिथून ढापलं, असं तो स्वतःच हसत सांगतो. त्यात त्याला दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे १७८३ ची 'बुक ऑफ निग्रोज' नावाची खरी नोंदवही, आणि दुसरी म्हणजे १७९२ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून सुमारे १,२०० कृष्णवर्णीय लोक १५ जहाजांतून आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला गेले, आणि त्यातले काही जण मुळात आफ्रिकेतच जन्मलेले होते. म्हणजे जे गुलामांच्या जहाजातून एकदा समुद्र ओलांडून आले तेच जिवंतपणी उलटे परत गेले. हे वाचून कुठल्याही कादंबरीकाराची झोप उडाली पाहिजे. हिलची उडाली, पण पुस्तक यायला २००७ उजाडलं, वॉकर वाचल्यापासून पंचवीसेक वर्षं.

ही नोंदवही काय आहे ते नीट सांगते, कारण सगळा खेळ तिच्यात आहे. अमेरिकन क्रांतियुद्धात इंग्रजांनी जाहीर केलं होतं की बंडखोर मालकांचे गुलाम आमच्याकडे पळून आले तर त्यांना संरक्षण मिळेल. १७७५ ची व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोरची घोषणा आणि १७७९ ची इंग्रज सेनापती क्लिंटनची फिलिप्सबर्गची घोषणा. हजारो लोक पळून आले. मग इंग्रज हरले, आणि ३० नोव्हेंबर १७८२ च्या प्राथमिक तहात एक कलम घुसलं की इंग्रजांनी जाताना अमेरिकनांचे 'निग्रो किंवा इतर मालमत्ता' बरोबर न्यायची नाही. न्यूयॉर्कमध्ये इंग्रज सेनापती होता गाय कार्लटन. ६ मे १७८३ ला त्याची आणि जॉर्ज वॉशिंग्टनची भेट झाली, वॉशिंग्टनने आमची माणसं परत द्या म्हणून विषय काढला, आणि कार्लटनने सांगितलं की जे लोक तहाच्या आधी आमच्या हद्दीत आले त्यांना स्वातंत्र्याचं वचन दिलेलं आहे, ते आता कोणाची मालमत्ता नाहीत, काही जहाजं तर निघालीसुद्धा, पण उद्या भरपाईचा प्रश्न आलाच तर नोंद असावी म्हणून आम्ही प्रत्येकाचं नाव लिहून ठेवतोय. तीच ही वही. सुमारे १५० पानं, जवळजवळ ३,००० माणसं. दर बुधवारी न्यूयॉर्कच्या फ्रॉन्सेस टॅव्हर्न या खानावळीत तक्रारी ऐकायला बसायचे, जुना मालक येऊन हा माझा म्हणाला तर तिथे निवाडा व्हायचा.

वहीतले रकाने असे: जहाजाचं नाव, कुठे चाललंय, माणसाचं नाव, वय, वर्णन, कोण हक्क सांगतोय, सध्या कोणाच्या ताब्यात, आणि शेवटी शेरा. वर्णनाच्या रकान्यात दोन-तीन शब्द. धट्टाकट्टा. थकलेला. गालावर व्रण. बाई असेल तर धट्टीकट्टी बाई, कडेवर मूल. त्यात एक नोंद हॅरी वॉशिंग्टनची आहे, वय ४३, 'उमदा गडी', आणि शेऱ्यात लिहिलंय की हा पूर्वी जनरल वॉशिंग्टनच्या मालकीचा होता, सात वर्षांपूर्वी त्यांना सोडून आला. दुसरी डेबोरा नावाच्या वीस वर्षांच्या मुलीची, तोंडावर देवीचे व्रण, तीसुद्धा जनरल वॉशिंग्टनची, चारेक वर्षांपूर्वी निघून आलेली. म्हणजे स्वातंत्र्याचा सरसेनापती ज्या यादीबद्दल तक्रार करतोय त्याच यादीत त्याच्या घरून पळालेली माणसं आहेत! बऱ्याच नोंदींपुढे जीबीसी अशी तीन अक्षरं दिसतात, म्हणजे जनरल बर्च सर्टिफिकेट, इंग्रज अधिकारी सॅम्युअल बर्चच्या सहीचा दाखला. तो खिशात असेल तर जहाजावर चढता येणार, बहुतेक जहाजं नोव्हा स्कोशियाला, म्हणजे आताच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतात जाणारी. अर्थात वहीत सगळेच स्वतंत्र नव्हते, गोऱ्या लॉयलिस्ट मालकांनी बरोबर नेलेले गुलामही त्याच वहीत त्याच अक्षरात लिहिलेत.

जाता जाता एक. आपल्याकडे पेशवे दप्तरात त्याच १८ व्या शतकातल्या कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, नोंदी आहेत, नाव, वय, किंमत, कोणाकडून कोणाकडे. मोडी येणाऱ्या आणि कादंबरीसाठी विषय शोधणाऱ्या माणसाने पराक्रमाच्या पुढे जाऊन त्या कागदांकडेही बघावं, इतकंच म्हणते.

तर हिलने काय केलं. त्या वहीत बायका भरपूर आहेत, पण प्रत्येकीच्या वाट्याला एक ओळ, आणि ती ओळ लिहिणारा गोरा कारकून. हिलने अमिनाटा डायलो नावाची बाई रचली आणि लेखणीच तिच्या हातात दिली, कादंबरीत ती इंग्रजांसाठी ही वही लिहिण्याच्या कामाला लागते. प्रत्यक्षात असं झालेलं नाही, कोणा कृष्णवर्णीय बाईने ती वही लिहिल्याचा पुरावा नाही. पण त्या एका बदलामुळे कारकुनी यादीचं रूप पालटतं, कारण आता समोरच्या माणसाला नाव विचारणारी बाई त्याच्याच वाटेने आलेली आहे, आणि कोणत्या रकान्यात काय मावत नाही ते तिला कळतंय. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातला हाच सगळ्यात हुशारीचा निर्णय.

दुसरा निर्णय तिच्या धंद्याचा. अमिनाटा सुईण आहे, आईकडून शिकलेली, आणि वडिलांकडून थोडं अरबी वाचायला शिकलेली. अकराव्या वर्षी बायो गावाजवळून पळवून नेतात, किनाऱ्यापर्यंत महिनोन्महिने पायी, मग जहाज, मग साउथ कॅरोलिनातला निळीचा मळा. एरवी गुलाम बाई म्हटली की ती मळ्याबाहेर जाणार कशी, आणि ती बाहेर गेली नाही तर कादंबरी चालणार कशी, हा तांत्रिक प्रश्न. सुईणीला दुसऱ्या मळ्यावर बोलावतात, गोऱ्यांच्या घरातही आत घेतात, पैसे किंवा वस्तू मिळतात, चार घरच्या बातम्या कळतात. आणि निळीचा भागही बघा, कुंडात पाला भिजवणं, ते पाणी घुसळणं, गाळ बसणं, त्या कुंडांचा वास आणि माश्या, हे सगळं तो कामाच्या क्रमाने सांगतो, वर्णन म्हणून नाही. नवीन लेखकाच्या हस्तलिखितात मला नेमकं हेच सापडत नाही, मळा असतो, मळ्यावरचं काम नसतं.

खरं किती या प्रश्नाचं उत्तर हिलने स्वतःच पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात दिलंय, आणि तिथे तो मोकळेपणाने सांगतो की कुठे काय हलवलं. नोव्हा स्कोशियातल्या शेलबर्नला डिस्चार्ज झालेल्या गोऱ्या सैनिकांनी काळ्यांची घरं पाडली, ती दंगल १७८४ च्या जुलैमधली, कादंबरीत त्याने ती १७८७ मध्ये नेलीय. थॉमस पीटर्स हा खरा पुढारी, यानेच लंडनपर्यंत जाऊन सिएरा लिओनला जायची वाट मोकळी केली, तो प्रत्यक्षात १७९२ मध्ये सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला तापाने गेला, कादंबरीत तो गुलामांच्या तांड्याला सोडवायला जातो आणि मारला जातो. पहिला बदल मला चालतो, कथेच्या सोयीसाठी तारीख हलवली आणि तसं कबूल केलं. दुसरा मला अजून खटकतो, कारण तापाने मरणं हाच त्या वसाहतीचा खरा इतिहास होता, पहिल्याच पावसाळ्यात माणसं भराभर गेली, आणि हिलने तिथे पीटर्सला वीरमरण दिलं. जॉन क्लार्कसन, हा इंग्रज नौदलातला तरुण अधिकारी ज्याने हॅलिफॅक्सहून तो ताफा नेला, तो खरा. त्या खानावळीचा मालक सॅम फ्रॉन्सेस खरा. आणि सिएरा लिओनमधल्या बान्स बेटावरचा गुलामांचा किल्ला आणि त्याच बेटावरचं गोल्फचं मैदान, हे वाचून बऱ्याच जणांना वाटतं की लेखकाने अतिशयोक्ती केली, पण तेही खरंच आहे, तिथले गोरे व्यापारी कोठडीत माणसं कोंडून बाहेर गोल्फ खेळायचे.

नोव्हा स्कोशियाचा भाग थोडा जास्त सांगायला हवा, कारण कॅनडात खळबळ उडाली ती त्याच्यामुळे. कॅनडाची स्वतःबद्दलची लाडकी गोष्ट अशी की अमेरिकेत गुलामगिरी होती आणि पळून आलेल्यांना आम्ही आसरा दिला. १९ व्या शतकाच्या मध्याबाबत ती बऱ्यापैकी खरीही आहे. पण १७८३ मध्ये जे आले त्यांना जमिनीचं वचन मिळालं आणि जमीन बहुतेकांना मिळालीच नाही, मिळाली ती खडकाळ आणि तुकड्यातुकड्याने. शेलबर्नच्या बाजूला बर्चटाउन वसलं, त्याच जनरल बर्चच्या नावाने, दीडेक हजार लोकवस्ती, पहिला हिवाळा काहींनी जमिनीत खड्डा खणून वर लाकडं टाकून काढला. कमी मजुरीत राबतात म्हणून गोऱ्या बेकार सैनिकांचा राग, आणि त्यातून ती दंगल, डेव्हिड जॉर्ज नावाच्या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाला तर मारून हाकलून दिलं. शेवटी १५ जानेवारी १७९२ ला ती पंधरा जहाजं निघाली. म्हणजे स्वातंत्र्यासाठी कॅनडात आलेली माणसं स्वातंत्र्यासाठीच कॅनडा सोडून गेली. हे कॅनडातल्या इतिहासकारांना माहीत होतं, वॉकरचं पुस्तक तीस वर्षं कपाटात होतंच, पण शाळेत शिकलेल्या सामान्य वाचकाला ते हिलने सांगितलं, आणि एका बाईच्या तोंडून सांगितलं म्हणून ते पोचलं.

यश कसं आलं तेही ऐका. २००७ मध्ये रॉजर्स रायटर्स ट्रस्टचं कादंबरीचं पारितोषिक, २००८ मध्ये कॉमनवेल्थ रायटर्स प्राइझ, त्यानिमित्ताने लंडनला राणी एलिझाबेथची भेटही झाली, आणि गंमत म्हणजे कादंबरीत अमिनाटाही राजा-राणीला भेटते. पण घराघरात पुस्तक गेलं ते २००९ च्या 'कॅनडा रीड्स'मुळे. तो कार्यक्रम त्या वर्षी या पुस्तकाने जिंकला. कॅनडाच्या सीबीसी रेडिओचा हा कार्यक्रम म्हणजे पाच प्रसिद्ध माणसं पाच पुस्तकांची वकिली करतात आणि रोज एक पुस्तक बाद होतं. २०१६ मध्ये त्याच्याच 'द इलीगल'ने पुन्हा तो जिंकला, दोनदा जिंकणारा तो पहिला लेखक. २०१५ मध्ये क्लेमेंट व्हर्गो या दिग्दर्शकाबरोबर पटकथा लिहून सहा भागांची मालिका झाली, त्याच वर्षी ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान.

शीर्षकाचा वाद तुम्ही ऐकला असेल. हिलने खऱ्या वहीचंच नाव ठेवलं होतं. अमेरिकेतल्या प्रकाशकाला वाटलं की निग्रो हा शब्द असलेलं पुस्तक दुकानदार मागवणारच नाहीत, म्हणून तिकडे ते 'समवन नोज माय नेम' झालं. फ्रेंचमध्ये नुसतं 'अमिनाटा'. हॉलंडमध्ये शीर्षक तसंच राहिलं आणि २०११ च्या जूनमध्ये ॲमस्टरडॅमला सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतल्या गुलामांच्या वंशजांच्या एका गटाने पुस्तकाचं मुखपृष्ठ जाळलं, आधी हिलला रीतसर कळवून की महाशय, आम्ही तुमचं पुस्तक जाळणार आहोत. बिचाऱ्याने ज्यांच्या पूर्वजांसाठी पुस्तक लिहिलं त्यांच्याच वंशजांनी जाळलं. हिलने त्यावर आरडाओरडा केला नाही, त्यांचा राग कुठून येतो ते समजून घेतलं, पण पुस्तक जाळणं चूकच हे ठामपणे सांगितलं, आणि त्या पत्रावरूनच शीर्षक घेऊन २०१३ मध्ये एक छोटं पुस्तक काढलं. लेखकाने वादात कसं वागावं यासाठी ते वाचण्यासारखं आहे.

नंतरचं थोडक्यात. २०१३ मध्ये रक्त या विषयावर कॅनडातली मॅसी व्याख्यानमाला दिली, वंश, नातं, आजार, खेळातलं डोपिंग असं सगळं त्यात. २०१५ चं 'द इलीगल' काल्पनिक देशातून पळून आलेल्या एका मॅरेथॉन धावपटूची गोष्ट, वेगवान आहे पण देश काल्पनिक असल्यामुळे हिलची खरी ताकद, म्हणजे कागदाचा आधार, तिथे हरवते असं मला वाटतं. २०२२ मध्ये मुलांसाठी एक कादंबरी. ग्वेल्फ विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकवतो, तुरुंगातल्या वाचनगटांमध्ये जातो, बायको मिरांडा हिल हीसुद्धा लेखिका.

दोषही सांगते, नाहीतर उत्तर एकतर्फी होईल. अमिनाटा जरा जास्तच गुणी आहे, आणि १८ व्या शतकातली प्रत्येक मोठी घटना तिच्या दारावरून जाते. लंडनचा शेवटचा भाग घाईत उरकलाय, हरवलेली मुलगी तिथे नेमकी सापडते ते मला पटलं नाही, माझ्या टेबलावर ते हस्तलिखित आलं असतं तर त्या प्रकरणाशेजारी पेन्सिलने मोठं प्रश्नचिन्ह काढलं असतं. पण भाषा बघा. सत्तर वर्षांच्या वाटणाऱ्या म्हातारीचं निवेदन, १८०२ सालातलं, आणि एकही वाक्य जुनाट दिसावं म्हणून वाकवलेलं नाही. आपल्याकडे ऐतिहासिक म्हटलं की पहिल्या पानापासून भरजरी भाषा सुरू होते, पात्राला साधं तहान लागल्याचंही सांगता येत नाही.

तुम्ही लिहायला बसणार असाल तर माझ्या अनुभवातून सांगते, हिलकडून विषय घेऊ नका, क्रम घ्या. आधी एक कागद धरा, पूर्ण वाचा, त्यात कोणाला एकच ओळ मिळालीय ते बघा, त्या माणसाला असा धंदा द्या की तो चार ठिकाणी फिरू शकेल, त्या धंद्यातलं रोजचं काम शिकून घ्या, आणि जिथे इतिहास हलवलात तिथे शेवटी टिपण लिहून सांगून टाका. टिपणाला लेखक फार घाबरतात, पुस्तकाची जादू जाईल म्हणतात. उलट वाचकाचा विश्वास वाढतो, आणि समीक्षकाच्या हातातली काठी आधीच काढून घेतली जाते.

आणि ती नोंदवही नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवलीय, अक्षर लागायला थोडा वेळ लागतो पण वाचता येते. कादंबरी तुमची वाचून झालीच आहे, आता आधी ती वही चाळा, मग 'एनी नोन ब्लड' घ्या, 'द इलीगल' सवडीने.